ट्रकचा उपास

आश्विनातलं ऊन मला कधीच आवडलं नाही. लोक कोजागिरीच्या चांदण्याचं कौतुक करतात, दूध आटवतात, पण त्याआधी दिवसभर जे ऊन डोक्यावर थापलेलं असतं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पावसाची ओल अजून जमिनीत असते, गवत कमरेएवढं माजलेलं असतं आणि वरून हा ताप. अंगावरचे कपडे वाळत नाहीत आणि दोरीवरचेही नाहीत. त्यात कारखान्यांच्या फाटकांपाशी झेंडूचे ढीग पडायला लागले की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. झेंडूचा बिचाऱ्याचा काय दोष! पण त्याच्या वासामागून मला दुसरा एक वास येतो. काल भाजी चिरताना आला तशी मी विळी आडवी केली आणि दारात येऊन उभी राहिले. बाहेर काहीच नव्हतं. शेजारच्या पोरींनी उंबऱ्यावर पाकळ्या सांडल्या होत्या, एवढंच.

तो वास क्राउनच्या ऑइलचा. ज्यांच्या दाराशी कधी ट्रक उभा राहिला नाही त्यांना हे सांगावंच लागेल. ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक गोल हंडा असतो. त्याच्या आत मोठमोठी दात्यांची चाकं एकमेकांत अडकून फिरतात आणि इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना देतात. त्याला आमच्यात नुसतं ‘क्राउन’ म्हणत. त्या दात्यांना बुडवून ठेवायला जे ऑइल लागतं ते काकवीसारखं दाट असतं, आणि त्याचा वास नासलेल्या लसणासारखा. हाताला लागला की राखेनं घासा, साबणानं घासा, जात नाही. माझ्या तेव्हाच्या सगळ्या पातळांना तो वास होता. माहेरी गेले की भावजय पदर नाकाला लावायची आणि वर विचारायची, “ताई, तुमच्याकडे हल्ली फोडणी कशाची देतात?”

आम्ही मूळ धुळ्याकडचे. ऐंशीच्या सुमाराला सिल्वाशात कारखाने उगवायला लागले तसे हे इकडे आले, गलोंड्याच्या बाजूला एका सुताच्या कारखान्यात लागले. त्या कारखान्याच्या लांबलचक खोलीत यंत्रं पाळीमागून पाळी किंचाळत असत. बाहेर आल्यावरही ह्यांच्या कानात ते किंचाळणं चालूच राहायचं. जेवताना मध्येच थांबून विचारायचे, “काही वाजून ऱ्हायलं का?” मी नाही म्हटलं की मान खाली घालून पुन्हा घास घ्यायचे. मोठा धिप्पाड माणूस, पण त्या काळात घरात असा वावरायचा की जणू कुणी आताच रागावून गेलंय. मग बापाच्या शेतातला वाटा भावाला देऊन टाकला आणि त्या पैशातून कुणी तरी वापरून टाकलेला एक जुना ट्रक घेतला. समोरून नाकपुड्या फुगवल्यासारखं बोनेट, रंग कुठला ते ओळखू न येण्याजोगा. सामरवरणीत आमच्या खोल्यांच्या रांगेसमोर तो आणून उभा केला तेव्हा हे मला म्हणाले, “आता त्या किंचाळ्यात मी परत पाय ठेवनार नही. हा हाये तवर नही.” एवढ्या एका वाक्यावर आमचा संसार उभा होता, आणि ट्रक होता म्हातारा.

म्हणून त्याची बडदास्त. ह्यांनी माझं कधी डोकं चेपलं नसेल, पण त्या ट्रकचा एक नट दुसऱ्याच्या हाताला लागू दिला नाही. नाक्यावरचे मिस्त्री जुनं ऑइल काढायचा कंटाळा करतात, वरून थोडं ओतून मोकळे होतात, असं ह्यांचं ठाम मत. जुन्यात नवं ओतणं म्हणजे उष्ट्या पानावर वाढणं, असं म्हणायचे. गिअर बॉक्स, क्राउन, चाकांचं ग्रीस, सगळं घरच्या घरी. अंगणात गोणपाट अंथरायचं, मागची चाकं दगड लावून अडवायची आणि स्वतः खाली सरकायचं. मी बाहेर बसून पाने द्यायची. सुरुवातीला हा मागितला की तो द्यायचे आणि खालून एकेक शेलका शब्द ऐकायचे. मग शिकले. लहान पाना, मोठा पाना, चिंध्या, तसराळं. पुढे पुढे तर हात बाहेर यायच्या आधी माझा हात पुढे गेलेला असायचा, आणि मग मीच टोमणे मारायचे.

एक काम मात्र माझंच होतं. ऑइल भरायचं भोक हंड्याच्या मागच्या अंगाला, अडचणीत. ऑइल पुरेसं झालं की नाही ते बघायला त्यात बोट घालायचं, टोक बुडलं म्हणजे बरोबर. ह्यांचं बोट म्हणजे मुळा, ते वाकून तिथं जायचं नाही. मग मी पदर खोचून पाठीवर सरकायचे आणि माझी करंगळी आत घालायचे. आत थंडगार, गुळगुळीत दाते लागायचे. वर ट्रकचं एवढं मोठं काळं पोट, बाजूला ह्यांचा घामेजलेला चेहरा, आणि मी म्हणायचे, “बुडलं.” हे हसायचे. आम्ही दोघं एकमेकांच्या इतके जवळ, इतके निवांत, घरात कधी नसू. आमच्या संसारातली सुखाची जागा विचाराल तर ती ट्रकच्या खाली होती. हे लिहिताना मला जराही लाज वाटत नाही.

पावसाळ्यात ट्रक दुधनीकडे धान्याच्या फेऱ्या करायचा. धरणाच्या अंगाला रस्ता कसला, चढ-उतार आणि मध्ये फरशीपूल. त्यावरून पाणी वाहत असलं तरी हे घालायचे. चालून चालून तापलेला हंडा एकदम पाण्यात बुडाला की वाफ जायच्या बारीक तोंडातून पाणी आत ओढून घेतो. म्हणून पाऊस संपला की क्राउन उघडायचा. तळाचा नट सैल झाला की काळ्या ऑइलच्या जागी चहासारखं दुधाळ काही तरी बाहेर यायचं. ह्यांचा चेहरा पडायचा. दोन बोटांत ते चोळून उन्हात धरायचे. त्यात लोखंडाची चमकी शोधायचे. जास्त चमकी म्हणजे दाते झिजताहेत. दर वर्षी थोडी जास्तच दिसायची. निघालेलं ऑइल फेकायचं नाही, दाराच्या चौकटींना वाळवीसाठी फासायचं, उरलेलं खरूज झालेल्या कुत्र्यांना. आमच्या रांगेतली कुत्री त्यामुळे आश्विनात काळी असायची.

हे सगळं ह्यांनी नवरात्राला बांधून घेतलं होतं. हा माणूस देवळात जाणारा नव्हे. पण खंडेनवमीला संध्याकाळी सगळे पाने रॉकेलनं धुवायचे, पाटावर लाल फडक्यावर मांडायचे, हळदकुंकू लावून दोऱ्यानं बांधून टाकायचे. दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. इथवर सगळ्यांचंच असतं. ह्यांचं पुढचं खास होतं. नवमीला सकाळी क्राउनचं ऑइल काढायचं, तळाचा नट परत लावायच्या आधी हंडा दिवसभर थेंब थेंब निथळू द्यायचा, म्हणजे पाण्याचा अंशही राहू नये, आणि नवा डबा पान्यांशेजारी पूजेत ठेवायचा. रात्रभर ट्रक रिकामा. दसऱ्याला नारळ फुटला की मग दोरा सोडून ऑइल भरायचं. “नऊ दिवस तू उपास करते,” मला म्हणायचे, “त्यानं एक दिवस केला तर काय बिघडलं? उद्या पारनं.” मी चिडवायचे, की ट्रकला साबुदाणा चालतो का विचारून घ्या. रांगेतले सगळे हसायचे. नवमीच्या संध्याकाळी कुणी ना कुणी विचारायचंच, काय भाऊ, ट्रकनं फराळ केला का?

हसणाऱ्यांत शेजारचा रामदास पुढे. तोही आमच्याच मुलखाचा, ह्यांच्याच जुन्या कारखान्यात. बायको वत्सला, लग्नाला फार दिवस झाले नव्हते. दोघांचं भांडण आणि दोघांचं गूळपीठ, दोन्ही भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं. त्या वर्षी नवमीला त्यांचं कशावरून तरी वाजलं. वत्सलानं अबोला धरला. तिचा अबोला म्हणजे भांडी बोलायची. रात्री ताट आदळलं, सकाळी बादली आदळली. दसऱ्याच्या सकाळी रामदास दारातून जाताना मला म्हणाला, “वैनी, सोनं आनतो मागच्या माळावरून. ती नही बोलली तर तुमीच द्या तिला.” आपट्याची पानं आणायला गेला, कमरेएवढ्या गवतातून, पायात नुसती चप्पल.

त्याला दोघांनी धरून आणलं तेव्हा तो अजून चालत होता. घोट्यावर नाग डसला होता. कुणी फडकं आवळलं, कुणी म्हणालं भगताला बोलवा, कुणी कडुनिंबाचा पाला खायला दिला. त्यात वेळ गेला. तो वेळ गेला तो गेलाच, आजही मला त्या घोळक्याचा राग येतो. मग त्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या. डोळे उघडे ठेवायला बघत होता पण पापण्या ऐकत नव्हत्या, आणि बोलायला गेला तर शब्द तोंडातच फिरले. वत्सला दारात उभी होती, हातात पिठाचा गोळा तसाच.

आसपास दुसरं वाहन नव्हतं. टेम्पोवाला सणाला गावी गेलेला. अंगणात आमचा ट्रक उभा, धुतलेला, गळ्यात झेंडूचा हार, आणि हंडा कोरडा. तळाचा नट तेवढा लावलेला. हे पाटाकडे वळले. पाने बांधलेले, डब्यावर कुंकू. मी म्हटलं, “सोडा दोरा, भरा.” पिचकारीनं ते दाट ऑइल भरायला किती वेळ लागतो ते आम्हा दोघांनाच ठाऊक. ह्यांनी रामदासच्या डोळ्यांकडे बघितलं. “दात्यांना जे चिकटलेलं हाये त्याच्यावर दवाखान्यापर्यंत जाईल,” म्हणाले. चावी घेतली. घाईत डबाही बरोबर घ्यायचं कुणाला सुचलं नाही. तो पूजेतच राहिला.

ड्रायव्हरच्या मागे झोपायची फळी असते, तिच्यावर रामदासला आडवं केलं. वत्सलानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी ह्यांच्या बाजूला. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला खाली उतरवूसुद्धा दिलं नाही. सापाचं इंजेक्शन आपल्याकडे नाही, वापी गाठा, असं म्हणाले. हे खाली उतरले, मागे गेले, हंड्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. मी म्हटलं, “अहो, क्राउन…” “बैस,” म्हणाले.

त्या रस्त्याचं मला जे आठवतं ते बहुतेक आवाज आहेत. आधी एक बारीक शीळ. मग तिची घरघर झाली, मग ती वाढत वाढत आमच्या पाठीच्या मणक्यातून यायला लागली. करपलेला वास केबिनमध्ये भरला. आणि त्या सगळ्यावर वत्सलाचा आवाज. काल संध्याकाळपासून ओठ शिवून बसलेली बाई आता थांबायला तयार नव्हती. “मी रागात बोलले, ते मनावर घेऊ नका. आयकताय ना? तुमी बोलू नका, नुसतं आयका. दिवाळीले घर जाऊ. तुमच्या आईनं सांगितलं तसंच करीन मी समदं. माझंच चुकलं. आयकताय ना?” त्याच्या गालावरून हात फिरवत होती. मला मागे वळून बघवेना.

दादऱ्याच्या पुढे रस्त्याकडेला गॅरेजची रांग होती. प्रत्येकाच्या दारात ऑइलचे पिंप, झेंडूचे हार. मी ह्यांच्या दंडाला धरून सांगितलं, “क्षणभर घ्या बाजूला. ओतून देतील कुणीही. आवाज ऐकू येत नाही का?” ह्यांनी समोरच्या आरशात मागच्या फळीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आणि पाय आणखी दाबला. ती रांग माझ्या बाजूनं एकेक दार करत मागे गेली. वापी अजून दूर होती तेव्हा मागून सांधा निखळावा तसा आवाज आला, चाकं अडकली आणि ट्रक रस्त्यावर काळे ओरखडे काढत तिरका होऊन थांबला.

मागून एक टेम्पो आला. रामदासला त्यात हलवलं, वत्सला बरोबर गेली. तिकडच्या डॉक्टरांनी हात लावून सांगितलं की संपलं आहे. आम्ही ते संध्याकाळी ऐकलं. तोवर आम्ही ट्रकशेजारी बसून होतो. हे खाली गेलेच नाहीत. नट खोलून बघायची गरज नव्हती, हंड्याला चीर गेली होती आणि तीतून लोखंडाचा चुरा गळत होता. एवढं सगळं बदलायचं तर त्यात दुसरा जुना ट्रक आला असता, आणि आमची ऐपत दोन्हींची नव्हती. भंगारवाल्यानं नेला तो. रामदासच्या जागी कारखान्याला माणूस हवाच होता. दिवाळीनंतर हे त्याच यंत्रावर उभे राहिले.

याला आता बरीच वर्षं झाली. आता ह्यांना डाव्या कानानं मुळीच ऐकू येत नाही, उजव्यानं माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं ते ऐकत नाहीत. ट्रकचं नाव काढत नाहीत. पाने मात्र अजून आहेत, खाटेखाली, खंडेनवमीला मीच पुसते. वासाचं म्हणाल तर शपथेवर सांगते, माझ्या करंगळीला तो अजून येतो. मनाचे खेळ असतील, असोत. लोक विचारत तेव्हा मी सांगत आले, की माणूस वाचवायला आमचा ट्रक गेला. माणूसही वाचला नाही, ते आमचं नशीब. असं सांगितलं की लोक मान डोलावतात, आणि आपल्यालाही बरं वाटतं. पण खरं सांगायचं तर दर आश्विनात मला त्या गॅरेजच्या रांगेचा राग येतो. क्षणभर थांबले असते तर कदाचित दोन्ही राहिलं असतं. हे मी ह्यांना किती तरी वेळा ऐकवलं. जेवताना, भांडताना, आजारपणात. कधी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. अलीकडे वाटायचं, ऐकूच येत नसेल.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वत्सला आली. ती तेव्हाच गावी परतली होती, पुन्हा लग्न केलं नाही, भावाच्या शेतात राबते. कुणाच्या तरी लग्नाच्या बोलणीसाठी वापीला आली होती, वाट वाकडी करून भेटायला आली. केस पांढरे, हात राकट, पण बोलणं तसंच. भाकरी खाताना ती तो दिवस काढून बसली. “ताई, येक सांगू? तुमचा ट्रक गेला, ते पाप मी फेडू शकत नही. पन तेवढा रस्ता मिळाला म्हनून मी जगले. अबोल्यातच गेले असते तर मी काय केलं असतं? समदं बोलले मी. त्यांनी समदं आयकलं. डोये मिटले व्हते पन आयकत व्हते, मले कळत व्हतं.” मग ह्यांच्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली, “भाऊ, तुमी थांबले नही, त्याचे उपकार.” ह्यांनी मान हलवली. तिला वाटेला लावून आम्ही आत आलो.

मी म्हटलं, “बिचारी. तेवढं तरी पदरात पडलं तिच्या.” हे दुसऱ्या पाळीचे कपडे चढवत होते. पाठ माझ्याकडे. म्हणाले, “त्यानं काही आयकलं नही.”

मला वाटलं, मीच काही चुकीचं ऐकलं. हे तसेच सदऱ्याची बटणं लावत राहिले. “गॅरेजच्या रांगेच्या बऱ्याच आधी गेला तो. आरशात दिसला मला. छाती हालत नव्हती, तोंडावर माशी बसली व्हती.”

“म्हणजे तेव्हा थांबता आलं असतं,” मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, त्यांना ऐकू जावं म्हणून.

“हा.”

“ट्रक राहिला असता.”

“राहिला असता.”

“मग?”

त्यांनी डबा उचलला, झाकण घट्ट आहे का ते दाबून बघितलं. कारखान्याचा भोंगा झाला. तो त्यांना ऐकू आला नाही, पण वेळ त्यांना पाठ आहे.

“ती बोलत व्हती ना त्याच्यासंगे,” हे म्हणाले. “मधीच कसं तोडू?”

आणि चपला घालून पाळीवर गेले.